पाचवा शब्द

आज वार कोणता, असं हायाशी डॉक्टरांनी जपानीत विचारलं आणि जुई मराठीत म्हणाली, “गुरुवार.”

वृंदा चमकलीच. अकरा वर्षांची तिची ही लेक गेली दोन वर्षं घरात मराठीचं एक अक्षर बोलत नव्हती. मराठीत विचारा, उत्तर जपानीत. ओरडा, उत्तर जपानीत. पुण्याच्या आजीशी फोनवर बोलतानासुद्धा नुसतं हं-हं. वृंदाने हात टेकले होते. आणि आज फुटबॉलच्या प्रॅक्टिसला गोलच्या खांबावर डोकं आपटून घेतल्यावर, जपानात, कोतो वॉर्डातल्या या दवाखान्यात बसून बाईसाहेब चक्क मराठीत बोलत होत्या.

डॉक्टरांना वाटलं, मुलगी या देशात नवीन असेल. डोक्याला मार लागलाय तर जी भाषा सोपी वाटते तीच बोलू दे, आईने मला जपानीत सांगावं, असं ते म्हणाले. वृंदाने लगेच मान डोलावली. मुलगी इथेच लहानाची मोठी झालीय, हे सांगायचं तिने सोयीस्करपणे टाळलं. एरवी वॉर्ड ऑफिसात, बँकेत जुई दुभाषी असायची आणि आईच्या जपानीतल्या चुका चारचौघांत दुरुस्त करायची. आज भाव आईला आला होता. तो वृंदाला सोडवेना.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच पाच साधे शब्द हळूहळू म्हटले. लक्षात ठेव, शेवटी पुन्हा विचारीन, असं बजावलं. मग आकडे म्हटले, ते जुईने उलटे म्हणून दाखवायचे. वार उलटे म्हणायचे. जुईने शनिवारपासून रविवारपर्यंत न अडखळता म्हटले. मग कमरेवर हात, एका पावलापुढे दुसरं पाऊल, डोळे मिटून उभं राहायचं. तेव्हा मात्र ती एकदा झुकली आणि डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. वृंदाला गंमत वाटत होती. डोकं तपासायचं म्हणजे मोठं मशीन असेल अशी तिची समजूत, आणि इथे तर बालवाडीतले खेळ चालले होते. प्रत्येक खेळातून या माणसाला काय कळतंय, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं.

पण प्रश्न डॉक्टरांनीच विचारला. मुलगी नेहमीसारखी वाटतेय का? काही वेगळं वाटत असेल तर सांगा, आईला जे दिसतं ते मला दिसत नाही.

वृंदाने लेकीकडे पाहिलं. वेगळं म्हणजे काय, ही मराठीच वेगळी होती. अर्धा तास आपण जिचं कौतुक करत बसलो तीच दुखापतीची खूण असली तर? तिला स्वतःची लाज वाटली. तिने सगळं सांगून टाकलं. जन्म इथला, शाळा इथली, आणि मराठी दोन वर्षांत आज पहिल्यांदा.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. असं आपण कधी पाहिलं नाही, असं म्हणून त्यांनी जुईकडे नव्याने पाहिलं. मग ते पाच शब्द विचारले.

“बेडूक,” जुई म्हणाली. “खिडकी. साखर. पूल.” वृंदा एकेकाचं भाषांतर करत गेली. नंतर जुई थांबली. आईकडे न बघता, उत्तर देतेय अशा सुरात ती म्हणाली, “आई, पाचवा आठवत नाहीये. तू सांगून टाक. त्यांना मराठी कळत नाही. नाहीतर रविवारी मॅचला मला सोडणार नाहीत.”

अस्सं होतं तर. वृंदाला हायसं वाटलं, रागही आला, आणि वाईट वाटलं ते वेगळंच. मराठी आठवली ती यासाठी. पण आठवली होती खरी. पाचवा शब्द वृंदाला पाठ होता. तो उच्चारला की रविवारी पोरगी मैदानात, आणि घरात दोघींचं एक गुपित, तेही मराठीत. दोन वर्षं ती ज्यासाठी जीव टाकत होती ते समोर ठेवलेलं होतं. फक्त या डोक्यावर तीन दिवसांत दुसरा मार बसायला नको होता.

“थांब, सांगते,” वृंदा म्हणाली. जुईचा चेहरा खुलला.

वृंदाने डॉक्टरांकडे वळून जुईच्या वाक्यांचं भाषांतर केलं. शब्दन् शब्द, मॅचसकट.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी जुईलाच जपानीत विचारलं, डोकं दुखतंय ना? तिने खाली बघत, जपानीतच, हो म्हटलं. दिवा डोळ्यांना टोचतोय हेही कबूल केलं. दोन आठवडे चेंडूला पाय लावायचा नाही आणि सोमवारी पुन्हा दाखवायचं, असं ठरलं.

बाहेर जुई दोन पावलं पुढे चालत होती. वृंदाने सायकल हातात धरली होती. झालं, आता हिचं तोंड मराठीला कायमचं बंद, असं तिला वाटत होतं. तिचा जीव आतल्या आत तुटत होता, तरी केलं ते बरोबर केलं हेही ती जाणून होती. सिग्नलला जुई थांबली. मागे न वळता तिने फणकाऱ्याने, जपानीत विचारलं, की होता तरी काय तो शब्द?

“टोपी,” वृंदा म्हणाली.

सिग्नल हिरवा झाला, तरी जुई हलली नाही. मग ती वळली. डोळे भरलेले होते, पण ओठ हसू दाबत होते.

“आणि ती तू मला घातलीस,” ती मराठीत म्हणाली.