गुरुजींचा डबा

गूळ. मिरपूड. भोयर गुरुजींचा स्टीलचा डबा. नागपूरहून बर्फात घालून आणलेलं बेकनचं पाकीट. गुरुजींच्या गळ्यातली तुळशीची माळ.

घाटंजीच्या आपल्या घरी रुपालीनं सकाळीच मोबाइलवर पाहून डुकराच्या मांसाच्या त्या पातळ पट्ट्या तव्यावर कुरकुरीत केल्या. वरून मिरपूड भुरभुरली, गुळाचा पाक चढवला, तुकडे केले, ताटात थंड करायला ठेवले आणि ती आंघोळीला गेली. येऊन पाहते, तर ताट रिकामं!

"आई, ताटातलं कुठं गेलं?"

"ते चिक्की? शेजारच्या गुरुजीच्या डब्यात भरून देऊन आली मी," सासू तुळसाबाई म्हणाल्या. "सकाळी त्यायनं तिळाचे लाडू देल्ले. मंग डबा रिकामा कसा वापस करू?"

"अवो आई, ते डुकराचं मटण होतं!"

"अवं माय!" तुळसाबाई मटकन खाली बसल्या. "माळकरी माणूस तो! वीस वर्षांचा शेजार बुडवला वं पोरी तुनं!"

रुपाली ओल्या केसांनीच माफी मागायला धावली. गुरुजी फाटकातच उभे होते, मिशा पुसत.

"पोरी, तुयी चिक्की भल्ली मस्त झाली," असं म्हणून त्यांनी डबा तिच्या हातात दिला. तो पुन्हा लाडवांनी गच्च भरलेला होता. "उद्या कर वापस. घाई नाही."


सकाळी लाडू घेऊन येण्याआधी गुरुजी एकदा रिकाम्या हातानं आले होते, आणि तव्यावर कशाचा वास येतोय ते रुपालीच्या नवऱ्याकडून नीट समजून घेऊन गेले होते.