मुळासकट

तिने दोराला दोन हिसके दिले. उत्तर आलं नाही.

पुन्हा दोन. खालून एक तरी हिसका यायला हवा होता. दोराचं दुसरं टोक तिने स्वतः नवऱ्याच्या कमरेला बांधलं होतं, आणि नवरा पाठीवर हवेची टाकी घेऊन तलावाच्या तळाशी होता, पाणवेलींच्या शेवटच्या पट्ट्यात.

बाहेरून आलेल्या या वेलीने तलावातलं पोहणं, नौकाविहार, सगळं बंद पाडलं होतं. मशीनने कापली तेव्हा ती दुप्पट वाढली, कारण तिचा बोटभर तुकडाही कुठेतरी टेकतो आणि मूळ धरतो. म्हणून वनस्पतिशास्त्र शिकलेल्या तिने नियम केला: हाताने, मुळासकट, एकही फांदी न मोडता. दोन वर्षं ती होडीत आणि तो पाण्यात. "घरात कपबशी फुटली तर चालते," आज बुडी मारण्याआधी तो म्हणाला होता, "इथे फांदी मोडली तर मॅडम जेवायला घालणार नाहीत."

बुडबुडे मघापासून एकाच जागी येत होते. आता विरळ झाले. मग थांबले.

वेल पायांना गुंडाळते. त्याच्या कमरपट्ट्यात सुरी होती. पण तो ती वापरणार नाही, हे तिला एकदम कळलं.

तिने होडीच्या काठाला पाय रोवले आणि दोर ओढला. टोकाला ओझं होतं. जड, ढिलं, माणसाएवढं. ते थोडं वर आलं आणि कशात तरी अडकलं. तिने ओरडत, सगळा जीव लावून ओढलं. खाली काहीतरी टरकन फाटलं. दोर हलका झाला.

वर हिरवे तुकडे येऊ लागले. शेकडो. वारा त्यांना काठाकडे नेऊ लागला.

मग होडीच्या मागे त्याचं डोकं वर आलं.

"अगं, काय केलंस हे! उपटलेल्या वेलींची पिशवी होती ती. दोर फांद्यांना घासत होता, म्हणून मी कमरेचा सोडून तिला बांधला." त्याने हात उंच केला. हातात अख्खं रोप होतं, पांढऱ्या मुळांसकट. "गाळ ढवळू नये म्हणून श्वास रोखून काढलं. शेवटचं होतं. धर, नीट धर."

तिने ते घेतलं आणि पाण्यात भिरकावलं. त्याला वर ओढायला तिला दोन्ही हात हवे होते.