दुसरी हाक

साखऱ्याच्या शाळेसमोर अग्निबचाव पथकाची परीक्षा चालू होती. विश्वंभरराव धुरातून काढलेला बेशुद्ध माणूस होऊन सतरंजीवर पडले होते. बुजऱ्या म्हाताऱ्याला दुसरं काय जमणार? शुद्धीवर आणायची पाळी नेमकी त्यांच्या बायकोची आली. शेजारची कडब्याची गंजी डोळ्यांदेखत जळाल्यापासून नर्मदाबाईंना पथकाचं नारिंगी जॅकेट हवंच होतं. "अहो, उठा की!" "काकू, नावानं हाक मारा, नाहीतर नापास," प्रशिक्षक म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात नर्मदाबाईंनी नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेतलं होतं. "उखाणा घेऊ का?" "तवर मानूस मरंल, मावशे!" पथकातली एक पोरगी ओरडली, तशा बायका खिदळल्या. मग कानाशी कापरा आवाज आला, "विश्वंभरराव!" हाकेसरशी उठायचं ठरलं होतं. ते हलले नाहीत. "विश्वंभरराव! काहून उठून न्हाई राहिले?" त्यांनी डोळे उघडले. जॅकेट चढवताना नर्मदाबाईंनी दटावलं, "पहिली हाक ऐकू आली न्हाई व्हय?" "आलती की."