पाहुण्याचं ताट

"अंड्यांकडे असा बघू नकोस, नजर लागेल त्यांना," मावशी त्याला म्हणाली आणि तिने ताटावर फडकं टाकलं.

नाटकातलं सगळं सामान मावशीच्या ताब्यात असायचं. दुसऱ्या अंकात जेवणाचा प्रसंग होता आणि जेवण अगदी खरं: लोणी लावलेला पाव, वाटाणा-बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी. त्याची भूमिका पाहुण्याची. वाक्यं तीन, बाकी नुसतं जेवायचं.

दोन वर्षं तो या ताटावरच नट म्हणून तग धरून होता. आठवड्याला चार प्रयोग, म्हणजे चारदा पोटभर. उरलेले दिवस चहात पाव बुडवून ढकलायचे. "नट व्हायला गेलास की उपास करायला?" असं ताई फोनवर विचारायची. "तुझ्यापेक्षा चांगलं जेवतो मी," असं तो सांगायचा. त्यातलं निम्मं खरं होतं.

प्रेक्षक त्याच्यावर बेहद्द खूश असायचे. त्याने पहिला घास उचलला की सगळं प्रेक्षागृह चिडीचूप. "काय भूक करतोस रे!" म्हणून दिग्दर्शक पाठ थोपटायचा. त्याचा जीवच होता याच्यावर. प्रयोगाच्या दिवशी बारा वाजताच बोलावून घ्यायचा आणि पडदा वर जाईपर्यंत काही ना काही काम काढून शेजारी बसवून ठेवायचा. मधे मावशी सगळ्यांना चहा-बिस्किटं वाटायची. याच्यापाशी पोचेपर्यंत किटली हटकून रिकामी. "तुला काय, आत आयतं वाढलेलं आहेच," असं ती म्हणायची, तेव्हा तोही हसायचा.

आज एक बडा निर्माता येणार होता. नव्या नाटकाला त्याला नायक हवा होता आणि त्याने मुद्दाम पाहुण्यालाच बघायचं ठरवलं होतं. हे हुकलं तर भावोजींच्या कापडदुकानात कात्री धरायची, असं याने ताईला कबूल केलं होतं. चाळिशीला टेकलेल्या माणसाने आणखी किती दिवस होतकरू राहायचं?

संध्याकाळी ताई डबा घेऊन थेट मेकअपच्या खोलीत आली. दिग्दर्शक निर्मात्याची वाट बघत बाहेर फाटकाशी उभा होता.

"आज तरी पोटात काही घालून उभा राहा. अंगात बळ नको?"

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. डबा चाटून-पुसून साफ केला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या अंकात त्याने जीव ओतला. पोट भरलेलं असताना उपाशी माणूस उभा करायचा होता. हात कुठे थरथरावा, नजर कुठे अडकावी, पहिला घास किती वेळ धरून ठेवावा, सगळं त्याने ठरवून केलं. हाच खरा अभिनय, आपण आज नट झालो, असं त्याला वाटलं.

कोणीतरी खोकलं. मग आणखी कोणीतरी. मागच्या रांगेत गप्पा सुरू झाल्या.

अंक संपताच निर्माता निघून गेला, याला न भेटताच.

तो विंगेत आला, तेव्हा दिग्दर्शक मावशीवर तुटून पडला होता. "एक काम धड होत नाही तुमच्याकडून? यादी वाचता येत नाही?"

मावशी मान खाली घालून उभी होती. प्रयोगाआधी एकेक वस्तू तपासून जिच्यावर खुणा करायच्या, ती सामानाची यादी तिच्या हातात होती. म्हणजे टेबलावर काहीतरी मांडायचं राहिलं होतं, म्हणूनच प्रसंग पडला! त्याला एकदम हायसं वाटलं, आणि मग म्हातारीची कणव आली. आपल्यापायी तिला बोलणी बसायला नकोत.

"मावशी, द्या इकडे. मी बघतो काय राहिलं ते."

"अरे, नको..." असं ती म्हणेपर्यंत यादी त्याच्या हातात आली होती. एकेका ओळीवर बोट ठेवून तो वाचू लागला.

टेबल एक. खुर्च्या चार. पाव आठ. अंडी सहा. भाजीचं पातेलं एक. सगळं जागच्या जागी होतं. खूण राहिली होती फक्त शेवटच्या ओळीपुढे, आणि ती ओळ दिग्दर्शकाच्या अक्षरात होती:

पाहुणा एक, उपाशी.