अंगठा उडेपर्यंत

"पोट ताठलंय," सर्जन मुनसामी पडद्यापलीकडून म्हणाले. "लोसालिनी असती तर एव्हाना सैल केलं असतं."

भूल देणाऱ्या आपिसाईला हे झोंबलं. तेवीस वर्षं या बेटावरची माणसं झोपवली ती त्याने, आणि नाव घ्यायचं सहा महिन्यांपूर्वी राजधानी सुवाहून शिकून आलेल्या त्याच्याच भाचीचं! तिचं सगळं मोजूनमापून. झोपेचा गॅस चालू असला की स्नायू सैल करणारं औषध जास्तच चढतं, म्हणून ती बेताबेताने देई आणि रोग्याच्या मनगटाला विजेचे हलके झटके देणारं यंत्र लावून, अंगठा किती वेळा उडतो त्यावरून औषध किती चढलंय ते बघत बसे. आपिसाईला हे ठाऊक नव्हतं थोडंच? तरी आज त्याने सिरिंज सरळ रिकामी केली.

पोट मऊ पडलं. "वा!" मुनसामी म्हणाले. आपिसाईने दाराकडे पाहिलं. हे तिने ऐकायला हवं होतं.

वीस मिनिटांत अपेंडिक्स निघालं, टाके पडले. रोगी, ऊस तोडणारा धडधाकट गडी, श्वासच घेईना. औषध थोडं उतरल्याशिवाय उताराही लागू पडत नाही. गॅस बंद करावा तर माणूस जागा होणार आणि त्याला पापणीसुद्धा हलवता येणार नाही. चालू ठेवावा तर औषध लवकर उतरणार नाही. आपिसाई गॅस अगदी कमी ठेवून हाताने श्वासाचा फुगा दाबत बसला. चहाच्या खोलीतून हसण्याचा आवाज येत होता.

लोसालिनी आत आली. तिने फुगा पाहिला, रिकामी सिरिंज पाहिली.

"अजून उठवलं नाहीस?" मुनसामी दारातून ओरडले. "पुढचा खोळंबलाय!"

"काहींना वेळ लागतो, सर," लोसालिनीच म्हणाली. "मीही एवढंच दिलं असतं."

मुनसामी गेले. तिने यंत्र रोग्याच्या मनगटाला लावलं.

"खोटं कशाला बोललीस?"

"मग काय, मामाची चुगली करू? जा मोमो, चहा घ्या. कसाव्याचे कंद गरम आहेत. मी दाबते फुगा."

तिने टोमणा मारला असता तर त्याला परवडलं असतं. तो हलला नाही.

तिने बटण दाबलं. अंगठा गप्प. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं. तरी गप्प. आपिसाईचा हात दुखून आला.

"उडला!" लोसालिनी आनंदाने ओरडली.

आपिसाईला हायसं वाटलं. आणि अंगठा उडलेला आधी तिला दिसला, याचं वाईटही वाटलं.