दोन बिल्ले

“यंदा कुठेच प्रवेश सुरू नाहीत,” फायर स्टेशनचे साहेब म्हणाले आणि टेबलाचा खण त्यांनी गुडघ्यानं हळूच आत ढकलला.

खणात परिपत्रक होतं. आग विझवण्याचं आणि अँब्युलन्सवर काम करण्याचं शिक्षण राज्यात कुठे कुठे मिळतं, त्याची अख्खी यादी त्यात होती. सहा केंद्रं, पत्ते, फोन नंबर, सगळं. बाहेरच्या भिंतीवर लावावं, असं खाली स्पष्ट लिहिलेलं. दोन महिने झाले, ते खणातच होतं. गेल्या वर्षीचंही तिथेच होतं.

समोर बसलेली मुलगी एकोणीस वर्षांची. साहेबांना ती काका म्हणायची. तिचे वडील याच स्टेशनातले जवान, साहेबांचे जिवाभावाचे मित्र. अकरा वर्षांपूर्वी पुठ्ठ्याच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा आत गेले ते परत आले नाहीत. तेव्हापासून त्या घरचा गळका नळ, पोरीचा शाळेचा दाखला, तिच्या आईच्या नोकरीसाठीच्या खेपा, सगळं साहेबांनी केलं. लोक म्हणायचे, मित्र असावा तर असा. साहेब मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटायचा. कसला विनय आणि कसलं काय.

खरी गोष्ट अशी. आगीत शिरणारा प्रत्येक जण आपल्या नंबरचा पितळी बिल्ला बाहेरच्या फळ्यावर अडकवून जातो आणि बाहेर आला की काढून घेतो. फळ्यावर बिल्ला राहिला, म्हणजे माणूस आत राहिला. फळ्यापाशी एक जण उभा असतो, आणि त्याला एकच नियम असतो. चेहरा बघितल्याशिवाय बिल्ला द्यायचा नाही.

त्या दिवशी फळ्यापाशी साहेबच उभे होते. मित्राबरोबर आत गेलेला जोडीदार खोकत खोकत एकटाच बाहेर आला आणि म्हणाला, त्याचाही दे, मागेच आहे तो. धुरात त्याला खरंच तसं वाटलं असेल. एरवीही एकमेकांचे बिल्ले घेणं चालायचंच. घरचीच तर माणसं, कोण बघतंय? यांनी दोन बिल्ले दिले. फळा रिकामा झाला. सगळे बाहेर आले, असं यांनीच ओरडून सांगितलं. मग शोधायला कोण कशाला आत जातंय? दहा मिनिटांनी छप्पर कोसळलं. दहा मिनिटं. तेवढ्यात दोघांनी त्याला सहज ओढून आणलं असतं.

चौकशीत दोघंही मूग गिळून बसले. सगळा दोष छपराच्या माथी गेला. सहा महिन्यांत जोडीदारानं नोकरी सोडली, गाव सोडलं. जाताना साहेबांच्या कानात एवढंच म्हणाला, त्याचा आठ नंबरचा बिल्ला विहिरीत टाकलाय, आता तूही विसर. विसरतोय कसला माणूस.

म्हणून ही पोर तरी आगीच्या वाऱ्याला उभी राहू नये, एवढंच साहेबांना हवं होतं. तिनं शाळेत शिकवावं, बँकेत चिकटावं, काहीही करावं. गेल्या वर्षी त्यांनी तिला उंचीचं कारण सांगून वाटेला लावलं होतं. यंदा राज्यभरातले प्रवेशच बंद करून टाकले. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. तिच्या भुवया थेट बापाच्या होत्या.

मुलीनं पिशवीतून एक कागद काढला. त्यावर सहाही केंद्रांची नावं तिच्या अक्षरात होती. आठवडाभर ती फोन करत बसली होती. दोन ठिकाणी कुणी फोन उचलेना. एक केंद्र कधीच बंद पडलेलं, तिथे आता गोदाम आहे. एका ठिकाणी फक्त नोकरीतल्यांना घेतात, एका ठिकाणी मुलींच्या राहण्याची सोय नाही. उरलं एक. बसनं सात तास लांब, पण तिथे अँब्युलन्सचं आणि आगीचं, दोन्ही शिकवतात. फोनवरच्या बाई तिला म्हणाल्या होत्या, अगं, यादी प्रत्येक फायर स्टेशनला पाठवलीय की, तिथेच का नाही विचारलंस?

साहेबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. मुलगी मात्र भांडली नाही. तिनं भरलेला फॉर्म पुढे सरकवला. स्टेशनच्या साहेबांची शिफारस तेवढी बाकी होती, आणि उद्या शेवटची तारीख होती.

साहेबांनी शेवटचा डाव टाकला.

“आईला विचारलंस का?”

त्यांना खात्री होती. आगीत नवरा गमावलेली बाई पोटच्या पोरीला तिकडे पाठवेल होय? ती नको म्हणाली की हे सुटले.

“आईनंच पाठवलंय,” मुलगी म्हणाली. तिनं रुमालाची गाठ सोडली आणि आतली वस्तू फॉर्मवर ठेवली. पितळी बिल्ला. घासून घासून लख्ख केलेला. आठ नंबर.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे बिल्ला विहिरीत गेलाच नव्हता. गाव सोडण्याआधी जोडीदार तो मुलीच्या आईच्या हातात देऊन गेला होता. आणि तेव्हापासून ही बाई त्यांना खुर्ची देत होती, चहा करत होती, तब्येत जपा म्हणत होती. एका शब्दानं कधी बोलली नाही.

त्यांनी पेन उचललं. नजर बिल्ल्यावरून हलत नव्हती.

“शिफारस तुमचीच आण म्हणाली,” मुलगी म्हणाली. “आणि म्हणाली, काकांना सांग, या वेळी तरी चेहरा बघून द्या.”