चषकासाठी एक नळी रक्त

ननुलीने चषक पुन्हा पुसला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

"दहा दिवसांत कितव्यांदा?" तिचा भाऊ बाद्री म्हणाला. गावच्या रग्बी संघाचा प्रशिक्षक तोच. "झिजेल तो, ताई."

"झिजू दे. माझ्या लेकाने डोक्यावर मार झेलून आणलाय."

लेक, बेसो, चीज भरलेल्या खाचापुरीचा तुकडा हातात धरून उजेडाकडे पाठ करून बसला होता.

अंतिम सामन्याला पाच मिनिटं उरली असताना तो डोकं धरून कोसळला. बदली खेळाडू संपले होते. पण डोक्याला लागलं तर बाहेर बसवलेल्या एकाला परत आत घेता येतं. बाद्रीने गोचाला घेतलं. गोचाची किक खांबांमधून गेली, आणि एकतीस वर्षांनी चषक गावात आला.

हरलेले ओरडले, नाटक! संघटनेने बेसोचं रक्त मागवलं. मेंदूला इजा झाली की त्यातलं एक प्रथिन रक्तात उतरतं आणि आठवडेच्या आठवडे राहतं. ते वाढलेलं दिसलं नाही, तर चषक परत.

"रक्त कधी खोटं बोलत नाही," ननुली म्हणाली. "काय रे बाद्री?"

"तू वाढ गं आधी." त्याच्या ताटातलं पहिलंच तसंच होतं.

"मामा, निकाल कधी येणार?" बेसोने विचारलं.

"अरे, तिसऱ्यांदा सांगतोय. दुपारी!"

फाटक वाजलं. डॉक्टर केतेवान आत आल्या. बसल्या नाहीत.

"प्रथिन वाढलंय. नेहमीच्या पाचपट."

अंगणातले शेजारी एकदम ओरडले. कुणीतरी चषकात वाइन ओतली. ननुलीने डॉक्टरांचे दोन्ही गाल चुंबले.

"ऐकलंत ना सगळ्यांनी? माझा मुलगा नाटक्या नाही!" मग तिचा आवाज उतरला. "पण... बरा होईल ना हो?"

"खेळ बंद. उद्याच मोठ्या इस्पितळात आणा त्याला."

"गावासाठी डोकं दिलं पोराने!" शेजारचा म्हातारा गहिवरला. "ऊठ बाद्री, भाच्याच्या नावाने पहिला प्याला तुझा!"

बाद्री उठला. प्याला उंच धरला. सगळे वाट पाहू लागले.

बाद्रीने प्याला न पिताच खाली ठेवला. त्या सामन्यात बेसोच्या डोक्याला कुणाचं बोटसुद्धा लागलं नव्हतं; म्हणजे इजा आधीचीच होती. रेषेबाहेरून 'पड' अशी खूण बाद्रीनेच केली होती.